न झालेल्या जखमेचा व्रण

एमआरआय सेंटरवर नाव नोंदवताना काउंटरवरून बहुतेक वेळा एक प्रश्न येतो : "कॉन्ट्रास्ट लिहिलाय डॉक्टरांनी. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय का?" पेशंटबरोबर आलेला माणूस बुचकळ्यात पडतो. फोटो काढायचाय मेंदूचा नाहीतर मणक्याचा, आणि ह्यांना हवाय किडनीचा रिपोर्ट! तो नसेल तर लॅबमध्ये रक्त देऊन यायचं, तासभर ताटकळायचं. 'पैसे काढायचे धंदे,' असा एक शेराही मनातल्या मनात मारून होतो.

त्या प्रश्नामागे एक आजार आहे. १९९७ च्या आधी तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता, आणि जुनी दप्तरं उपसूनही त्याआधीचा एकही रुग्ण सापडला नाही. जेमतेम दहा-बारा वर्षं तो जगात वावरला, शेकडो माणसांची कातडी त्यानं लाकडासारखी कडक करून टाकली, आणि मग जवळजवळ दिसेनासा झाला. त्याच्यावर लस निघाली नाही, हुकमी औषधही सापडलं नाही. तो गेला, कारण काही माणसांनी कातडीचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तो काय सांगतोय ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

त्याचं नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. डॉक्टर मंडळी नुसतं एनएसएफ म्हणतात.

पायांपासून सुरुवात

हा आजार होई तो किडन्या निकामी झालेल्या माणसांना. त्यांतले बरेचजण डायलिसिसवर असत. अशा माणसाला पाय सुजणं नवीन नसतं. त्यामुळे पोटऱ्यांवर सूज चढली, कातडी थोडी लालसर झाली, तरी पहिल्यांदा कुणी फार मनावर घेत नसे. पाणी साठलं असेल, पुढच्या डायलिसिसला उतरेल, एवढंच.

सूज उतरे, पण तिच्या जागी काहीतरी उरे. दोन्ही पायांवर, अगदी जोडीनं, गडद तपकिरी चट्टे दिसू लागत. चट्ट्यांच्या कडा सरळ नसत. अमीबाच्या चित्रात असतात तसे त्यांना वेडेवाकडे फाटे फुटलेले असत. वरचा पोत संत्र्याच्या सालीसारखा, बारीक खळग्यांचा. आग होई, खाज सुटे, मधूनच कळ येई. आणि हात लावून पाहणाऱ्या डॉक्टरला जे जाणवे ते सगळ्यांत विचित्र होतं. पोटरीची कातडी एरवी चिमटीत येते, हलते, सोडली की जागेवर बसते. इथे चिमटीत काही येतच नसे. बोटाखाली लागे ती फळी.

चट्टे हळूहळू घोट्याकडून मांडीकडे आणि हातावरून कोपराकडे सरकत. मग आखडायचे ते सांधे. गुडघा पुरता वाकत नाही, पुरता सरळ होत नाही. घोटा एका कोनात अडकून बसतो. बोटांची मूठ वळत नाही. मांडी घालून बसणं सुटलं, जिना सुटला, काहींचा हातातला घास तोंडापर्यंत पोचेना. काही रुग्णांमध्ये हे सारं इतक्या वेगानं घडलं की काही आठवड्यांपूर्वी आपल्या पायांनी दवाखान्यात आलेला माणूस चाकाच्या खुर्चीत आला.

आणखी दोन खुणा होत्या. एक डोळ्यांत : बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागावर पिवळसर ठिपके दिसत. दुसरी खूण म्हणजे एक गैरहजेरी. चेहरा जवळजवळ नेहमीच सुटलेला असे. हातपाय लाकडाचे झाले तरी माणूस हसला की गालांवर नेहमीसारख्या सुरकुत्या पडत. ही दुसरी खूण पुढे फार कामाला आली.

चार मिलिमीटरची साक्ष

कातडी कडक होण्याचे आजार वैद्यकाला नवे नव्हते. स्क्लेरोडर्मा होता, त्यात बोटांची टोकं थंडीत पांढरी-निळी पडतात आणि चेहरा ताणून बसवल्यासारखा दिसतो. स्क्लेरिडिमा होता, जो बहुधा मानेवर आणि पाठीवर बसतो आणि ज्याचा एक प्रकार जुन्या मधुमेहींमध्ये आढळतो. आणि स्क्लेरोमिक्सिडिमा होता, जो चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्यांच्या रांगा आणि कपाळावर जाड वळ्या उमटवतो आणि ज्याच्या रुग्णांच्या रक्तात एक फाजील प्रथिन सापडतं. नवा रुग्ण यांपैकी कुठल्या खणात टाकायचा हे ठरवायला डोळे आणि बोटं पुरत नाहीत. मग कातडीचा तुकडा काढतात.

बायॉप्सी म्हणजे फार मोठं काही नाही. पेन्सिलीएवढं गोल पातं कातडीत फिरवून चारेक मिलिमीटर रुंदीचा खुंट काढायचा. फक्त तो खोलवर हवा, खालच्या चरबीपर्यंत. तो तुकडा मेणात बसवतात, केसाहूनही पातळ काप काढतात, काचेवर पसरवतात आणि रंगवतात. पेशींची केंद्रकं जांभळी होतात, बाकीचा पसारा गुलाबी.

निरोगी कातडीची अशी काच पाहणं हे एक सुखच असतं. वर बाह्यत्वचेची नाजूक, लहरदार पट्टी. तिच्याखाली अंतस्त्वचा : कोलॅजेनच्या गुलाबी लडी एकमेकींत आडव्यातिडव्या गुंतलेल्या, मधे मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत कुठेतरी एखादी पेशी, माळरानावरच्या एकट्या धनगरासारखी. ही लड विणणाऱ्या पेशीला फायब्रोब्लास्ट म्हणतात. एरवी तिला फारसं काम नसतं. अंतस्त्वचेखाली चरबीचे कप्पे, आणि कप्प्याकप्प्यांमध्ये तंतूंच्या बारीक भिंती.

आता एनएसएफची काच. पहिला धक्का हा की वरची पट्टी जवळजवळ जशीच्या तशी असते. जिच्यावरून रोग दिसतो, बोटाला लागतो, ती बाह्यत्वचा बिचारी निर्दोष आहे. सगळं घडलंय ते तळघरात. माळरानावर जत्रा भरली आहे. चातीसारख्या, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींची दाटी झाली आहे. कोलॅजेनच्या लडी जाडजूड झाल्या आहेत, पण त्यांच्या कडेनं पांढऱ्या फटी राहिल्या आहेत. आणि ही गर्दी अंतस्त्वचेच्या सीमेवर थांबत नाही. चरबीच्या कप्प्यांमधल्या भिंती धरून ती खाली उतरते आणि त्या बारीक भिंतींचे रुंद बांध करून टाकते. हात लावल्यावर फळी का लागते, त्याचं उत्तर इथे आहे. कातडी नुसती जाड झालेली नसते, खालच्या थराला खिळे मारून ठोकल्यासारखी होते.

दुसऱ्या एका रंगात काच बुडवली तर लडींच्या मधली जागा निळी उमटते. तिथे म्युसिन साठलेलं असतं : साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचा, पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ. यातला मुख्य घटक हायलुरॉनिक ॲसिड. चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातींतून हे नाव आता घरोघर पोचलं आहे. लवचीक तंतू मात्र शाबूत असतात. आणि जे असायला हवं असं वाटतं ते नसतं. कातडीची इतकी मोठी उलथापालथ करणारा रोग, म्हणजे दाह माजवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या झुंडी दिसायला हव्यात. त्या फारशा नाहीतच. म्हणजे बाहेरच्या शत्रूशी लढाई चाललेली नाही. बांधकाम चाललेलं आहे.

'सारखा' या शब्दाची गोष्ट

ही काच पाहणाऱ्या कुणीही म्हटलं असतं, स्क्लेरोमिक्सिडिमा. चातीसारख्या पेशींची दाटी, तंतूंची वाढ, म्युसिन : तिन्ही लक्षणं जुळतात. तसा शेरा मारून फाइल बंद करता आली असती.

कातडीच्या कापांचे जाणकार शॉन काउपर आणि त्यांचे सहकारी तिथे थांबले नाहीत. १९९७ पासून अमेरिकेत अशा रुग्णांच्या काचा येऊ लागल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी सोबतच्या कागदावर एकच पार्श्वभूमी असे : किडनी निकामी. शिवाय चेहरा कोरा. रक्तात ते फाजील प्रथिनही नाही. जुन्या आजाराच्या दोन मोठ्या सह्याच गायब होत्या. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी अशा १५ रुग्णांची हकिगत छापली. त्या लेखाच्या शीर्षकात रोगाला नाव नव्हतं. डायलिसिसच्या रुग्णांतला 'स्क्लेरोमिक्सिडिमासारखा' त्वचारोग, एवढंच होतं. माझ्या मते त्या अख्ख्या लेखातला सर्वांत प्रामाणिक शब्द म्हणजे तो 'सारखा'. सारखा आहे, म्हणजे तो नव्हे.

पुढच्या वर्षी त्याला स्वतःचं नाव मिळालं : नेफ्रोजेनिक फायब्रोझिंग डर्मोपथी. मग मरण पावलेल्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनात फुप्फुसं, हृदय, स्नायू, श्वासपटल इथेही तसेच तंतू माजलेले दिसले. हा केवळ कातडीचा आजार नव्हता. कातडी ही त्याची दर्शनी बाजू होती. म्हणून नावात 'सिस्टेमिक' आलं.

नाव मिळालं, तरी मोठा प्रश्न तसाच होता. किडनी निकामी होणं जगात कधीपासूनचं आहे. डायलिसिसही विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. मग १९९७ मध्येच असं काय झालं? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं चौकशी लावली. डायलिसिसच्या नळ्या, यंत्रं, त्यातलं द्रावण, जंतू, रक्तवाढीसाठी दिलं जाणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, रक्तदाबाच्या गोळ्या : संशयितांची यादी लांबत गेली. त्यातच असेही रुग्ण सापडले, ज्यांची किडनी अचानक बंद पडली होती पण डायलिसिस एकदाही झालं नव्हतं. डायलिसिस यंत्र निर्दोष सुटलं. खरा गुन्हेगार मात्र यादीत नव्हताच.

रक्तातून येणारे गवंडी

दरम्यान काचेवरच्या त्या चातीसारख्या पेशींनी आपली ओळख सांगितली होती.

पेशींच्या अंगावर प्रथिनांची ओळखपत्रं असतात आणि विशिष्ट रंग लावून ती वाचता येतात. या पेशींवर दोन ओळखपत्रं एकदम मिळाली. एकावर लिहिलं होतं, मी कोलॅजेन बनवते. ते अपेक्षितच होतं. दुसऱ्याचं नाव सीडी-३४, आणि ते सांगत होतं, माझं मूळ अस्थिमज्जेत आहे. म्हणजे ही जत्रा गावातल्या माणसांची नव्हती. कातडीतले कायमचे फायब्रोब्लास्ट माजले असते तर ती एक गोष्ट. इथे हाडांच्या पोकळीत जन्मलेल्या पेशी रक्तातून प्रवास करत येऊन कातडीत उतरल्या होत्या.

अशा पेशी असतात हे कळून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. रिचर्ड बुकाला आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि नाव दिलं फायब्रोसाइट. त्यांचं काम मोठं लोभस आहे. चाकूनं बोट कापलं, गुडघा फुटला, की जखमेतून रसायनांच्या हाका सुटतात. रक्तात फिरणाऱ्या या पेशी हाक ऐकून तिथे उतरतात, कोलॅजेनची परांची बांधतात, स्थानिक पेशींना कामाला लावतात. जखम भरली, की गवंड्यांनी परांची सोडून चालू पडावं तशी गर्दी ओसरते. मागे उरतो एक व्रण. लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण तुमच्या गुडघ्यावर असेल, तर अशाच कामगारांची ती सही आहे.

एनएसएफमध्ये हेच गवंडी आले होते. त्यांनी हेच काम केलं होतं, नियमाप्रमाणे, चोख. फक्त जखम नव्हती. कुठेही कापलं नव्हतं, भाजलं नव्हतं, फुटलं नव्हतं. आणि जखमच नसल्यामुळे 'भरली, आता थांबा' असं सांगायला कुणी नव्हतं. काही रुग्णांच्या कातडीत तर बांधकाम इतकं पुढे गेलं की तिथे चक्क हाडाचा कच्चा माल तयार झालेला दिसला. ज्याला आपण रोग म्हणत होतो ती शरीराची सर्वांत जुनी, सर्वांत मायेची कला होती. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेली.

२००३ मध्ये काउपर आणि बुकाला यांनी मिळून एक छोटं टिपण लिहिलं. त्याच्या शीर्षकाचा अर्थ पोलिसी भाषेत असा : संशयित सापडला, हेतू अस्पष्ट. गवंडी कोण ते कळलं होतं. त्यांना खोटी हाक कोण मारतंय, हे कळायचं होतं.

नऊपैकी पाच

उत्तर आलं ऑस्ट्रियातून. थॉमस ग्रोबनर हे तिथले किडनीतज्ज्ञ. किडनी निकामी असलेल्या त्यांच्या नऊ रुग्णांच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय झाला होता आणि त्यासाठी सगळ्यांना शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं होतं. दोन ते चार आठवड्यांत त्यांपैकी पाचजणांची कातडी कडक होऊ लागली. २००६ च्या सुरुवातीला त्यांनी आपला संशय प्रश्नचिन्हासकट छापला : गॅडोलिनियम?

त्याच वर्षी डेन्मार्कमधून पीटर मार्कमन आणि सहकाऱ्यांनी आपल्या १३ रुग्णांचे कागद उलगडले. तेराच्या तेरा जणांना आजारापूर्वी गॅडोलिनियमचंच एक औषध दिलं गेलं होतं. मग संशोधक पुन्हा जुन्या काचांकडे वळले. २००७ मध्ये व्हिटनी हाय यांच्या गटानं रुग्णांच्या साठवलेल्या तुकड्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत टाकला आणि परतणाऱ्या क्ष-किरणांचा माग घेतला. कातडीत धातू होता. ज्याला काही तासांत लघवीवाटे शरीराबाहेर पडायचं होतं, तो गॅडोलिनियम तिथेच ठाण मांडून बसला होता.

इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? कारण इंजेक्शन आणि पहिला चट्टा यांच्यात कधी काही दिवस, कधी काही महिने जात. इंजेक्शनची नोंद रेडिओलॉजीच्या फायलीत, चट्ट्याची त्वचाविभागाच्या. शिवाय या औषधाकडे बोट दाखवणं कुणाला सुचणारच नव्हतं, कारण ते सज्जन म्हणून प्रसिद्ध होतं. सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफीत वापरलं जाणारं आयोडीनचं कॉन्ट्रास्ट दुबळ्या किडनीला त्रास देतं, म्हणून किडनीच्या रुग्णांना मुद्दाम एमआरआयकडे पाठवत आणि गॅडोलिनियम देत. नव्वदीच्या दशकात रक्तवाहिन्यांचे एमआरआय वाढले आणि त्यांसाठी दुप्पट-तिप्पट मात्राही दिली जाऊ लागली. ज्यांना जपायचं होतं, नेमका त्यांनाच हा आजार झाला.

यटरबीचा काळा दगड आणि खेकड्याची नांगी

या धातूची जन्मकथा स्वीडनमधल्या यटरबी गावच्या खाणीत सुरू होते. १७८७ मध्ये कार्ल आक्सेल आरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला तिथे एक जड काळा दगड सापडला. फिनलंडच्या योहान गॅडोलिन यांनी त्याचं पृथक्करण केलं आणि १७९४ मध्ये त्यात एक नवी 'मृदा' असल्याचं सांगितलं. पुढे त्या खनिजाला त्यांचंच नाव मिळालं, आणि १८८० च्या दशकात वेगळ्या झालेल्या एका मूलद्रव्याला खनिजावरून गॅडोलिनियम म्हणू लागले. अणुक्रमांक ६४.

या चांदीसारख्या धातूचं चुंबकाशी नातं मोठं लहरी आहे. साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली तो लोखंडासारखा चुंबकाला घट्ट चिकटतो. त्याहून तापला की ती ओढ ढिली पडते. म्हणजे महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे चिकटलेला तुकडा नागपूरच्या मे महिन्यात सुटून पडेल. कारण दडलंय त्याच्या अणूत. इलेक्ट्रॉन सहसा जोडीजोडीनं राहतात आणि एकमेकांचं चुंबकत्व पुसून टाकतात. गॅडोलिनियमच्या आयनात सात इलेक्ट्रॉन सडेफटिंग आहेत, सातही एका दिशेनं तोंड करून.

एमआरआय यंत्र शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी छेडतं आणि ती पूर्ववत होताना देतात तो संदेश टिपतं. जवळपास गॅडोलिनियम असेल तर ती झपाट्यानं पूर्ववत होतात आणि चित्रात ती जागा उजळते. मेंदूतली गाठ, अरुंद झालेली धमनी दिव्यासारखी दिसू लागते. १९८८ मध्ये अमेरिकेत असं पहिलं औषध मंजूर झालं आणि त्यानं कोट्यवधी निदानं सोपी केली. हे श्रेय त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

पण मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आयन आकारानं जवळपास कॅल्शियमएवढाच. स्नायूंपासून नसांपर्यंत जिथे जिथे कॅल्शियमची वाट आहे तिथे हा तोतया जाऊन अडकतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याला एका मोठ्या रेणूच्या मिठीत जखडलं. अशा रेणूला चिलेट म्हणतात. हा शब्द ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आला आहे. नांगीत पकडलेला धातू चित्र उजळतो आणि किडनीतून बाहेर पडतो. निरोगी माणसात दीडेक तासात अर्धा निघून जातो.

नांग्या दोन तऱ्हेच्या. एका प्रकारात रेणू लांबट साखळीसारखा असतो आणि धातूभोवती गुंडाळलेला असतो, टोकं मोकळी. दुसऱ्यात रेणूचं कडं पूर्ण मिटलेलं असतं, धातू जणू पिंजऱ्यात. दोन्ही पकडी निरोगी शरीरात पुरेशा ठरतात, कारण वेळच थोडा असतो. किडनी बंद पडली की अर्धा गॅडोलिनियम बाहेर जायला तीस तासांहून अधिक लागतात. एवढ्या वेळात रक्तातलं जस्त, तांबं, लोह त्या नांगीवर आपला हक्क सांगू लागतात. दुसऱ्या बाजूनं, किडनीच्या रुग्णांत हमखास वाढलेलं फॉस्फेट धातूला स्वतःकडे ओढतं. लांबट नांगीची टोकं सुटतात. गॅडोलिनियम निसटतो, फॉस्फेटशी जुळून न विरघळणारा कण होतो आणि ऊतींत बसतो. तिथल्या भक्षक पेशी तो कण गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि अस्वस्थ होऊन रसायनं सोडतात. ती रसायनं म्हणजेच जखमेची हाक. दूर अस्थिमज्जेतले गवंडी ती ऐकतात आणि हत्यारं घेऊन निघतात.

किडनीच्या रुग्णांपैकीही थोड्यांनाच हा आजार झाला. मोठी मात्रा, किडनीला नुकताच बसलेला घाव, त्याच सुमाराला झालेलं मोठं ऑपरेशन किंवा दाह, अशा गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढे.

नद्यांनी आधीच पाहिलं होतं

या गोष्टीत एक साक्षीदार असा आहे, ज्याला कुणी साक्षीला बोलावलंच नव्हतं. १९९६ मध्ये, म्हणजे पहिला रुग्ण दिसायच्या एक वर्ष आधी, मिखाएल बाऊ आणि पेटर डुल्स्की या भूरसायनतज्ज्ञांनी जर्मनीतल्या नद्यांच्या पाण्यात गॅडोलिनियम प्रमाणाबाहेर असल्याचं दाखवून दिलं. त्याच्या भावंड मूलद्रव्यांचं प्रमाण नेहमीचंच होतं, एकटा गॅडोलिनियम उंच उठून दिसत होता. कारण ओळखायला त्यांना वेळ लागला नाही : एमआरआय झालेल्या माणसांची लघवी, ती सांडपाण्यात, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, आणि नांगीत घट्ट बसलेला धातू तिथून तसाच नदीत. शरीरातून बाहेर पडलेल्या धातूचा हिशेब नदीनं ठेवला होता. आत राहिलेल्याचा हिशेब कातडीनं ठेवला.

आजार गेला, म्हणजे काय झालं

२००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला. २००७ मध्ये औषधाच्या वेष्टनावर ठळक चौकटीतली ताकीद आली. २०१० मध्ये लांबट नांगीची तीन औषधं किडनी फारच दुबळी असणाऱ्यांना वर्ज्य ठरली. २०१७ मध्ये युरोपनं लांबट नांगीची बरीच औषधं बाजूला सारली. जगभरचे रेडिओलॉजिस्ट आधी किडनी तपासू लागले, मात्रा कमी करू लागले, पिंजऱ्याची औषधं निवडू लागले. नव्या रुग्णांची संख्या घसरत घसरत जवळपास शून्यावर आली.

ज्यांना आधीच आजार जडला होता त्यांची सुटका इतकी सोपी नव्हती. त्यांच्यासाठी खात्रीचं औषध नाही. मात्र बंद पडलेली किडनी पुन्हा चालू झाली किंवा नवी किडनी बसली, तर काहींची कातडी सैल पडत गेली. व्यायामोपचारानं सांधे चालते ठेवायचे, रक्त बाहेर काढून अतिनील प्रकाशात धुण्याचा एक उपचार करून पाहायचा, एवढंच हाताशी होतं.

किडनी धड असलेल्यांनी हे वाचून कॉन्ट्रास्टचा धसका घेण्याचं कारण नाही. किडनीचं जुनं दुखणं असेल तर मात्र ते एमआरआयच्या आधी आपणहून सांगावं. पिंजऱ्याची औषधं तर इतकी निर्धोक ठरली आहेत की ती देण्याआधी किडनीची तपासणी ऐच्छिक मानावी, असं अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आता सांगते. म्हणजे काउंटरवरचा तो प्रश्नही एक दिवस विचारेनासे होतील. तोवर फॉर्मवर क्रिएटिनिनची एक छोटी चौकट आहे. काउंटरवरची मुलगी लॅबचा कागद पाहते, त्या चौकटीत ०.९ लिहिते आणि म्हणते, "बसा, नाव पुकारतील."